मीठ, गूळ आणि उकळते पाणी

'पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते' हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. परीक्षेत त्याला एक गुणही मिळालेला आहे. परंतु आपल्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, उघड्या भांड्यातील साधे पाणी कुठल्याच चुलीवर शंभर अंशांना उकळत नाही. नगर शहरात ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळते, अकोले तालुक्यात कळसूबाईच्या माथ्यावर चौऱ्याण्णव-पंचाण्णवला उकळते, आणि आमच्या गावच्या गुऱ्हाळातील कढईत मात्र पाणी सरता सरता उकळीचे तापमान एकशे सोळा-सतरापर्यंत चढते. एकाच जिल्ह्यात वीस-बावीस अंशांचा हा फरक कशामुळे पडतो? त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे डोक्यावरची हवा, आणि दुसरी पाण्यात विरघळलेला पदार्थ, मग तो मीठ असो वा साखर.

मी कला शाखेची, भूगोलाची विद्यार्थिनी. हा विषय विज्ञान शाखेचा आहे, त्यात आपण कशाला पडावे, असे काही मैत्रिणींनी मला विचारले. माझे उत्तर असे की, स्वयंपाकघर आणि गुऱ्हाळ कोणत्याच शाखेचे नसते. शिवाय या विषयाच्या शेवटी जो प्रश्न उभा राहतो तो केवळ विज्ञानाचा नाही. पुस्तकात लिहिलेले ज्ञान आणि हातात मुरलेले ज्ञान यांचे नाते काय, असा तो प्रश्न आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कोणी चढले आहे, त्या सर्वांना तो कधी ना कधी पडतोच.

उकळणे म्हणजे काय?

पाण्याची वाफ होण्यासाठी ते उकळावेच लागते असे नाही. वाळत घातलेले लुगडे न उकळता सुकते. पाण्याच्या पृष्ठभागावरून त्याचे रेणू सतत बाहेर उडत असतात आणि हवेतील वाफेचे काही रेणू परत पाण्यात येत असतात. पाणी जसजसे तापते तसतसे बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण वाढते. वाफेच्या या जोराला बाष्पदाब म्हणतात. हवा पाण्यावर वरून दाब देत असते. ज्या क्षणी बाष्पदाब हवेच्या दाबाइतका होतो, त्या क्षणी केवळ पृष्ठभागावर नव्हे तर पाण्याच्या पोटातही वाफेचे बुडबुडे टिकू लागतात व वर येऊ लागतात. यालाच आपण उकळी फुटली असे म्हणतो, आणि त्या वेळच्या तापमानाला उत्कलनांक म्हणतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. उत्कलनांक हा एकट्या पाण्याचा गुण नाही. तो पाणी आणि हवा यांच्यातील एक करार आहे. हवेचा दाब बदलला की कराराची रक्कमही बदलते. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली तेव्हा हे त्याला ठाऊक होते. गंमत अशी की, त्याच्या मूळ पट्टीत उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० हा आकडा होता. पुढे ती उलटी करण्यात आली.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते व दाबही कमी होतो. ढोबळ मानाने दर ३०० मीटर उंचीला उत्कलनांक एक अंशाने उतरतो. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते. नगर शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे दोन अंश कमी. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे. तेथे पाच-साडेपाच अंश कमी. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर पाणी खळखळा उकळत असले तरी ते मुंबईच्या उकळत्या पाण्याइतके गरम नसते, आणि त्यात भात शिजायला अधिक वेळ लागतो. खाली जाळ वाढवून उपयोग नाही. जाळ वाढवला तर वाफ अधिक होईल, तापमान वाढणार नाही.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला हवे की, एके काळी डोंगराची उंची मोजण्यासाठी याच गुणाचा उपयोग करीत असत. डोंगरावर पाणी उकळायचे, उष्णतामापक त्यात धरायचा, आणि उत्कलनांक किती उतरला त्यावरून उंची काढायची. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने १८४८ ते १८५० या काळात हिमालयाच्या प्रवासात अशी मोजणी केली होती.

मीठ टाकल्यावर काय होते?

आता विरघळलेल्या पदार्थाकडे वळू. समजा पाण्यात मीठ टाकले. मिठाचे कण वाफ होऊन उडत नाहीत. उडते ते केवळ पाणी. पण आता भांड्यातील दर शंभर कणांत काही कण मिठाचे आहेत, म्हणून बाहेर पडू शकणाऱ्यांचे प्रमाण तेवढे घटते. परत येणाऱ्या वाफेवर मात्र असे काही बंधन नाही. बाहेर जाणारे कमी आणि परत येणारे तेवढेच, त्यामुळे त्याच तापमानाला बाष्पदाब पूर्वीपेक्षा उणा पडतो. तो हवेच्या दाबाला गाठेपर्यंत पाणी अधिक तापवावे लागते. म्हणून खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा वरच्या तापमानाला उकळते. फ्रान्सच्या राऊल या रसायनशास्त्रज्ञाने बाष्पदाबाचा हा नियम १८८७ साली मांडला.

पण हा फरक किती? येथेच पुष्कळांची निराशा होते. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम, म्हणजे भरून दोन लहान चमचे मीठ टाकले तर उत्कलनांक ०.१७ अंशाने वाढतो. एक पूर्ण अंश वाढवायचा तर लिटरला ५७-५८ ग्रॅम मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तरी त्याचा उत्कलनांक जेमतेम अर्ध्या अंशाने जास्त असतो. पाण्यात विरघळेल तेवढे सगळे मीठ विरघळवले तरी समुद्रसपाटीला ते १०८-१०९ अंशांच्या पुढे जात नाही.

आमच्या कॉलेजच्या कनिष्ठ विभागातील विज्ञान प्रयोगशाळेतून सरांच्या परवानगीने मी दोनशे अंशांपर्यंत मोजणारा उष्णतामापक घेतला आणि घरी हा प्रयोग करून पाहिला. आमचे गाव राहुरी तालुक्यात, सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. एक लिटर साधे पाणी अठ्ठ्याण्णवच्या किंचित वर उकळले. दहा ग्रॅम मीठ टाकल्यावर पाऱ्यात डोळ्यांना दिसेल असा काहीच फरक पडला नाही. साठ ग्रॅम झाले तेव्हा तो एका रेघेने वर सरकला. तीनशे ग्रॅमला तो पाच ते सहा अंश वर गेला, पण ते पाणी तोंडात धरवत नव्हते. ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी उष्णतामापकाचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नये, पाण्यात मध्येच अधांतरी धरावा. नाहीतर पाण्याऐवजी भांड्याचे तापमान मोजले जाते.

बायका सांगतात की, मीठ टाकले की पाणी लगेच उकळते. त्यांनी पाहिलेले खोटे नाही. उकळीला आलेल्या पाण्यात मीठ टाकताच एकदम फसफसून बुडबुडे येतात. परंतु ती मिठाच्या कणांभोवती बुडबुड्यांना मिळालेली जागा असते. कोरडी वाळू टाकली तरी तसेच होईल. त्यामुळे पाणी अधिक गरम झाले असा अर्थ होत नाही.

वजन नव्हे, संख्या

या विषयातील मला सर्वांत आवडलेला भाग असा की, पाण्यात काय विरघळले आहे याला फारसे महत्त्व नाही. किती कण विरघळले आहेत याला आहे. साखरेचा रेणू मोठा, मिठाचा लहान. ३४२ ग्रॅम साखरेत जेवढे रेणू असतात तेवढीच मिठाची एकके अवघ्या ५८ ग्रॅम मिठात असतात. शिवाय मीठ पाण्यात पडताच त्याच्या प्रत्येक एककाचे दोन तुकडे होतात, एक सोडियमचा आणि एक क्लोरीनचा, म्हणजे संख्या पुन्हा दुप्पट. म्हणून त्याच वजनाची साखर मिठाच्या सुमारे बाराव्या हिश्श्याएवढाच उत्कलनांक वाढवते.

विरघळल्यावर मिठाचे असे तुकडे होतात हे सांगणाऱ्या स्वान्ते अऱ्हेनियस याचा १८८४ सालचा प्रबंध त्याच्या परीक्षकांना फारसा पटला नव्हता, आणि त्याला कसाबसा उत्तीर्ण करण्यात आले. त्याच अऱ्हेनियसला १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी गुण पडलेल्या सर्व मित्रांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग डाळ का शिजत नाही?

आमच्या भागात एक तक्रार घरोघर ऐकू येते: 'बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही.' पाणी खारे आहे म्हणून उत्कलनांक बदलला आणि डाळ राहिली, असे कोणी समजेल, पण हिशोब तसे सांगत नाही. पाण्यात क्षार जास्त असल्याने उत्कलनांक वाढेल, कमी होणार नाही. आणि वाढेल तोही अंशाच्या शंभराव्या भागात. पिण्याजोग्या पाण्यात लिटरला एक-दोन ग्रॅमच क्षार असतात. खरे कारण वेगळे आहे. खोल पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. ते डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पदार्थाला घट्ट बांधतात, त्यामुळे दाणा फुटत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ही पकड सुटते. म्हणजे येथे उष्णतेचा काही दोष नाही, पाण्याच्या जडपणाचा आहे.

डाळ लवकर शिजवायची तर मिठाऐवजी कुकर हवा. कुकरच्या बंद भांड्यात वाफ कोंडते, दाब दुपटीजवळ जातो आणि पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. दोन चमचे मिठाने ०.१७ अंश, नगरच्या उंचीने उणे दोन, आणि कुकरने अधिक वीस. हे तीन आकडे शेजारी ठेवले की कोणाचे बळ किती ते समजते.

गुऱ्हाळातील कढई

मिठाने एवढा थोडा फरक पडतो, साखरेने त्याहूनही थोडा, मग गुऱ्हाळात तापमान एकशे सोळापर्यंत कसे जाते? याचे उत्तर शोधण्यासाठी मी गेल्या माघात चार कढयांना उष्णतामापक लावून बसले. माझे चुलत आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, चाळीस वर्षे गुळव्या म्हणून काम करीत आले आहेत.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चरकातून निघालेला रस मोठ्या लोखंडी कढईत घेतात. कोल्हापूरकडे तिला काहील म्हणतात. खाली चुलवाणात वाळलेल्या चिपाडांचा जाळ असतो. जाळ घालणारा जाळव्या आणि पाक ओळखणारा गुळव्या ही दोन माणसे महत्त्वाची. रसात थोडा चुना घालतात, त्यामुळे त्याचा आंबटपणा मरतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते व ती काढून टाकतात. मग रस आटवीत राहायचे.

आता हिशोब पाहा. शंभर किलो रसात सुमारे अठरा किलो विरघळलेले पदार्थ, मुख्यतः साखर, आणि ब्याऐंशी किलो पाणी असते असे धरू. सुरुवातीला एवढ्या साखरेने उत्कलनांक अंशाच्या तिसऱ्या भागाएवढाच वाढतो. पण उकळताना पाणी निघून जाते आणि साखर तेथेच राहते. द्रावण क्षणोक्षणी दाट होते. पाणी व साखर निम्मे निम्मे झाले की उत्कलनांक दोनएक अंश चढलेला असतो. साखर पाऊण हिस्सा झाली की सहा-सात अंश; याच सुमारास काकवी काढतात. आणि जेव्हा पाणी शंभरात दहा-बाराच उरते तेव्हा तो साध्या पाण्यापेक्षा अठरा अंशांच्या आसपास वर गेलेला असतो. हीच गुळाची वेळ. तोपर्यंत शंभर किलो रसातून ऐंशीएक किलो पाणी वाफ होऊन गेलेले असते व वीस किलोच्या आसपास गूळ उरतो.

साध्या पाण्याचा उत्कलनांक उकळताना स्थिर राहतो, पाकाचा मात्र चढत राहतो, तो यामुळे. म्हणजे उष्णतामापक येथे खरे तर उष्णता मोजत नाही. पाकात पाणी किती उरले ते मोजतो. हे मला पुस्तकात वाचून कळले नव्हते. कढईपाशी बसून चढता पारा पाहिला तेव्हा कळले.

बोट आणि काच

आबांना उष्णतामापक लागत नाही. सुरुवातीला बुडबुडे लहान आणि फेसाळ असतात. पाक दाट होऊ लागला की ते मोठे होतात, सावकाश फुगतात आणि 'फद्' असा आवाज करून फुटतात. आबा तो आवाज ऐकत असतात. मग फावड्यावरचा थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करतात. गोळी मऊ राहिली तर अजून वेळ आहे. ती घट्ट वळली आणि ताटलीवर टाकल्यावर वाजली, की कढई उतरवायची. एक मिनिट आधी उतरवली तर गूळ बसत नाही, एक मिनिट उशीर झाला तर करपून काळा पडतो. एका कढईत शेतकऱ्याची किती महिन्यांची मेहनत असते हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या तीन कढया आबांनी बोटाच्या परीक्षेवर उतरवल्या. मी प्रत्येक वेळी पारा पाहिला. तिन्ही वेळा तो ११६ आणि ११७ यांच्या मध्ये होता. एका अंशाचाही फरक नाही. मी हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "मग ही काच मला निराळं काय सांगती, पोरी? जे बोटाला कळतं तेच ना?"

मला या प्रश्नाचे उत्तर लगेच सुचले नाही. पुस्तकांत गुळासाठी ११८ अंशांपर्यंतचा आकडा देतात. पण तो समुद्रसपाटीचा हिशोब धरून घेतला, तर आमच्या गावी साधे पाणीच पावणेदोन अंश खाली उकळते, म्हणून गुळाचा आकडाही तेवढाच खाली यायला हवा. ११८ मधून पावणेदोन वजा केले की ११६ च्या थोडे वर येते, म्हणजे आबांच्या बोटाने सांगितले तेच. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा घेऊन ११८ ची वाट पाहत बसलो असतो तर तीनही कढयांचा गूळ कडक झाला असता. बोटाला मात्र उंचीची दुरुस्ती करावी लागत नाही, कारण ते पाकालाच हात घालते, हवेच्या दाबाशी त्याला देणेघेणे नसते. यावरून एक उपयोगी नियम निघतो: गुऱ्हाळात उष्णतामापक वापरायचा असेल तर आधी त्याच गावचे साधे पाणी उकळून त्याचा आकडा घ्यावा, आणि त्यात अठरा मिळवावेत.

चौथ्या कढईने आणखी शिकवले. त्या कढईतला ऊस पाटाच्या खालच्या अंगाच्या, खारवट जमिनीतला होता. पारा ११७ च्या पुढे गेला तरी आबा गोळी करून मान हलवीत होते. ११८ ओलांडल्यावर त्यांनी कढई उतरवली. तरीही तो गूळ इतर तिन्हींसारखा बसला नाही, दोन दिवसांत ओलसर झाला आणि जिभेवर किंचित खारट लागला.

असे का व्हावे? खारवट जमिनीतला ऊस जमिनीतील क्षार रसात आणतो. सुरुवातीच्या पातळ रसात त्यांचा परिणाम नगण्य. पण समजा शंभर किलो गुळात एक किलो मीठ उतरले आणि पाणी उरले दहाच किलो, तर ते मीठ आता शंभर किलोत नव्हे तर दहा किलो पाण्यात विरघळलेले आहे. साध्या नियमाने एवढ्यानेच उत्कलनांक दीड-पावणेदोन अंशांनी वाढतो. इतक्या दाट पाकाला हा नियम काटेकोर लागू पडत नाही, परंतु दिशा कळते. म्हणजे पारा ११७ दाखवीत असला तरी त्यातले काही श्रेय साखरेचे नसून मिठाचे असते, आणि पाणी मात्र हवे त्याहून अधिक उरलेले असते. पारा केवळ कण मोजतो. कण कोणाचे, ते त्याला कळत नाही. बोटाला कळते. शिळ्या उसाचेही असेच आहे. तोडून पडलेल्या उसातील साखर फुटून तिच्या एका रेणूचे दोन लहान रेणू होतात. कण वाढतात, पारा चढतो, पण गूळ बसत नाही.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट जिव्हाळ्याची आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या काठाला बारमाही पाणी मिळाले. ऊस आला, घरे पक्की झाली, आमच्यासारख्यांची मुले शाळेत गेली. पण निचरा न करता वर्षानुवर्षे पाणी देत राहिल्याने प्रवरा व गोदावरी कालव्यांच्या भागातील काही जमिनी खारवट व चोपण झाल्या. जमिनीत काय होत आहे याची बातमी कढईतला पाकही देत असतो. ऐकणारा हवा.

कारखान्याची युक्ती

३१ डिसेंबर १९५० रोजी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. तेथेही रस आटवतात, पण उलट्या युक्तीने. उघड्या कढईत पाक एकशे सोळापर्यंत तापतो, त्यामुळे थोडी साखर जळते, फुटते, रंग येतो. गुळाला हा रंग व वास हवाच असतो. पांढऱ्या साखरेला तो चालत नाही. म्हणून कारखान्यात बंद भांड्यातील हवा ओढून घेऊन दाब कमी करतात. दाब कमी झाला की पाक सत्तर अंशांच्या आसपासही उकळतो आणि साखर न जळता दाणे धरते. थोडक्यात, कारखान्यात साखरेच्या भांड्यापुरता कळसूबाईहून कितीतरी उंच असा एक डोंगर तयार केलेला असतो. हे निर्वात भांडे इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने १८१३ च्या सुमारास काढले.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे एका भांड्यातील वाफेने दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्यातील रस उकळायचा, त्याच्या वाफेने तिसऱ्यातील. यात जळण फार वाचते. ही रचना १८४३ साली अमेरिकेतील लुइझियानाच्या नॉर्बर्ट रिलिए याने पेटंट करून घेतली. त्याची आई कृष्णवर्णीय होती. त्या काळी तेथील उघड्या कढयांतून उकळता रस पळ्यांनी ओतण्याचे काम गुलाम करीत असत आणि भाजून जायबंदी होत. उकळते पाणी अंगावर पडले तर निथळून जाते. एकशे सोळा अंशांचा पाक कातडीला चिकटून बसतो. गुऱ्हाळात काम केलेल्या बहुतेकांच्या हातांवर त्याच्या खुणा सापडतात. आबांच्याही आहेत.

समारोप

आबांच्या प्रश्नाकडे पुन्हा येते. काच निराळे काय सांगते? मला वाटते, काच निराळे सांगत नाही, पण तिचे सांगणे दुसऱ्याला देता येते. आबांचे बोट तयार व्हायला चाळीस वर्षे आणि अनेक भाजलेल्या जखमा लागल्या. ते बोट कोणाला उसने देता येत नाही. आकडा मात्र कागदावर लिहून कोल्हापूरला, बिहारला, कोठेही पाठवता येतो, आणि पहिल्याच हंगामात उभा राहिलेला मुलगाही तो वाचू शकतो. त्याचबरोबर हेही खरे की, कोणता आकडा कोठे लागू पडतो आणि कोठे फसवतो, हे चौथ्या कढईपाशी बोटानेच सांगितले. पुस्तक आणि बोट एकमेकांचे वैरी नाहीत. एकाने दुसऱ्याला तपासावे, यातच दोघांचा मान आहे.

जिल्ह्यातील बराचसा ऊस आता कारखान्यांकडे जातो. गुऱ्हाळे थोडी उरली आहेत आणि गुळवे त्याहून थोडे. आमच्या गावात आबांच्या मागे हे काम शिकलेला कोणी नाही. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, त्या विद्यापीठाचे कोल्हापूरला ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. शास्त्रीय काम तेथे होईल. पण आपल्या गावच्या गुळव्याला कोणता बुडबुडा काय सांगतो, कोणत्या शेताचा पाक कसा वागतो, त्याला तो काय नाव देतो, हे लिहून ठेवण्याचे काम कला शाखेचेच आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी शब्द गोळा करावेत, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी जमिनींची नोंद घ्यावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जळणाचा आणि भावाचा हिशोब मांडावा. येत्या हंगामात आपापल्या गावी ज्यांच्याकडे गुऱ्हाळ लागेल त्यांनी एक वही आणि एक उष्णतामापक घेऊन तेथे एक दिवस बसावे, अशी माझी सर्वांना विनंती आहे. मी माझ्या वहीत चार कढया लिहिल्या आहेत. पाचवी कढई आपल्यापैकी कोणीतरी लिहावी.

— द्वितीय वर्ष कला (भूगोल)